विश्लेषण : इन्सुलिनची मात्रा आता पंपच ठरवतो... शिरूर-दौंडच्या रुग्णांना त्याचा उपयोग किती?

घरात टाइप १ मधुमेह असलेले लहान मूल असेल, तर रात्री दोन-तीन वाजताचा गजर अनेक आईवडिलांना चुकत नाही. उठायचे, झोपलेल्या मुलाच्या बोटाला सुई टोचायची, ग्लुकोमीटरवर आकडा पाहायचा. साखर उतरली असेल तर मुलाला उठवून साखरेचे पाणी पाजायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. चढली असेल तर इन्सुलिन द्यायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हा निर्णय झोपेतच घ्यायचा. हे काम यंत्राकडे सोपवणारी ‘स्वयंचलित इन्सुलिन वितरण प्रणाली’ आता भारतातही मिळते. पण शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या घरात ती चालेल का, टिकेल का आणि परवडेल का?

ही प्रणाली कोणत्या मधुमेहासाठी?

मुख्यतः टाइप १ साठी. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट करते. तो बहुधा बालपणी किंवा तरुणपणी जडतो. गोड खाल्ल्यामुळे किंवा आईवडिलांच्या चुकीमुळे तो होत नाही. इन्सुलिन बाहेरून दिल्याशिवाय असा रुग्ण जगू शकत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी या आजाराचे निदान म्हणजे काही महिन्यांची किंवा फार तर थोड्या वर्षांची मुदत असे.

गावात ‘शुगर’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो टाइप २, म्हणजे मोठ्या वयात होणारा आणि अनेकदा गोळ्यांवर आटोक्यात राहणारा. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला मधुमेह आहे, यावर नातेवाईकांचा विश्वास बसत नाही. ‘इन्सुलिनची सवय लागेल’, ‘अमुक काढा दे’ असे सल्ले मिळतात. टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात विशीच्या आतील सुमारे २ लाख २९ हजार मुलामुलींना टाइप १ होता. ही संख्या जगात सर्वाधिक होती.

यंत्र नेमके काय करते?

प्रणालीचे तीन भाग असतात. पहिला सेन्सर. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेल्या या चकतीची केसासारखी बारीक तार त्वचेखाली असते आणि पेशींमधील द्रवातील साखर साधारण दर पाच मिनिटांनी मोजते. दुसरा इन्सुलिन पंप. मोबाइलपेक्षा लहान असलेल्या या यंत्रात इन्सुलिन भरलेले असते आणि ते बारीक नळीतून त्वचेखाली जाते. तिसरा भाग डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे या दोघांना जोडणारी गणिती आज्ञावली. साखर आता किती आहे, चढते आहे की उतरते आहे, आधी दिलेले इन्सुलिन शरीरात किती उरले आहे, हे पाहून ती पुढच्या काही मिनिटांची मात्रा ठरवते. साखर खाली जाणार असे दिसले की पंप पुरवठा कमी करतो किंवा थांबवतो, वर जाणार असेल तर वाढवतो.

ग्रामीण भागासाठी एक गोष्ट महत्त्वाची. सेन्सर आणि पंप एकमेकांशी ब्लूटूथसारख्या जवळच्या बिनतारी संपर्काने बोलतात. मोबाइलला रेंज नसली तरी मात्रा ठरवण्याचे काम सुरू राहते. लांबच्या डॉक्टरांना किंवा घरच्यांना आलेख दिसण्यासाठी मात्र इंटरनेट लागते. काही पंप तर साध्या पेन्सिल सेलवर चालतात, त्यामुळे वीज गेली म्हणून पंप लगेच बंद पडत नाही.

मग ‘अर्धस्वयंचलित’ का म्हणतात?

जेवणाची सूचना अजूनही माणसालाच द्यावी लागते. त्वचेखाली दिलेले जलद इन्सुलिन काम सुरू करायला दहा-पंधरा मिनिटे घेते आणि त्याचा जोर साधारण तास-दीड तासाने येतो. सेन्सरचा आकडाही रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असतो. पोटात गेलेली साखर त्याआधीच रक्तात पोहोचते. म्हणून जेवणापूर्वी पंपात ‘इतके ग्रॅम कर्बोदके खाणार’ असे नोंदवायचे असते.

हा हिशेब शिकावा लागतो. एका मध्यम चपातीत साधारण १५ ते २० ग्रॅम कर्बोदके असतात. भाकरीचे माप मात्र थापणाऱ्या हातावर ठरते. म्हणून पहिले काही दिवस पीठ वजनकाट्यावर तोलून आपल्या घरची भाकरी किती ग्रॅमची, हे ठरवून ठेवावे लागते. उसाच्या रसाच्या एका ग्लासात पंचवीस-तीस ग्रॅम साखर सहज असते आणि ती झपाट्याने चढते. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे जागोजागी आहेत. तिथे गेलेल्या मुलाने रस पिऊन मग पंपाला सांगितले, तर कितीही हुशार आज्ञावली तो चढ वेळेत गाठू शकत नाही.

या तंत्रज्ञानाची सुरुवात कशी झाली?

त्यामागेही रात्रीच्या गजराचीच गोष्ट आहे. अमेरिकेतील सिएटल येथील डॅना लुईस या टाइप १ असलेल्या तरुणीला सेन्सरच्या गजराने जाग येत नसे. गजर मोठा करता यावा म्हणून तिने आणि स्कॉट लायब्रँड यांनी २०१३ मध्ये सेन्सरची माहिती संगणकावर घेतली. पुढे त्या माहितीवरून अंदाज बांधणारी आज्ञावली तयार झाली आणि ती पंपाला जोडली गेली. कंपन्यांची वाट न पाहता ही आज्ञावली त्यांनी सर्वांसाठी खुली केली. ‘आम्ही थांबणार नाही’ हे त्या चळवळीचे घोषवाक्य झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेडट्रॉनिक कंपनीच्या अर्धस्वयंचलित पंपाला मान्यता दिली. त्याच मालिकेतील पुढचा मिनिमेड ७८०जी पंप भारतात उपलब्ध आहे. खुल्या आज्ञावलीवर स्वतः प्रणाली जुळवणारी काही कुटुंबेही भारतात आहेत. मात्र त्यासाठी तांत्रिक समज लागते आणि जबाबदारी स्वतःवर घ्यावी लागते.

फरक किती पडतो?

साखर ७० ते १८० मिलिग्रॅम या पट्ट्यात दिवसाचा किती वेळ राहते, हे आज महत्त्वाचे मोजमाप मानले जाते. बहुतेक रुग्णांसाठी ध्येय असते ७० टक्क्यांहून अधिक, म्हणजे दिवसाचे जवळपास १७ तास. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६८ रुग्णांच्या अभ्यासात, स्वयंचलित प्रणाली वापरणाऱ्यांचा हा वेळ सहा महिन्यांत ६१ वरून ७१ टक्क्यांवर गेला. न्यूझीलंडमध्ये ९७ रुग्णांवर खुल्या आज्ञावलीची चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, ही प्रणाली वापरणाऱ्यांची साखर इतरांच्या तुलनेत रोज ३ तास २१ मिनिटे जास्त योग्य पट्ट्यात राहिली. सर्वाधिक फायदा रात्री दिसतो, कारण रात्री जेवण नसते आणि यंत्राला शांतपणे काम करता येते.

हे तास वर्षानुवर्षे साठत जातात. साखर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतूंची हानी बरीच टळते, हे अमेरिका आणि कॅनडात झालेल्या मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्येच दाखवून दिले आहे.

वापरणाऱ्यांचा अनुभव काय सांगतो?

जगभरच्या रुग्णांशी बोलून केलेल्या अभ्यासांत पहिला उल्लेख बहुधा झोपेचा येतो. पालक रात्रभर झोपू लागतात, सकाळचा आकडा पाहून दिवस खराब होत नाही. दुसरी गोष्ट डोक्यावरच्या ओझ्याची. टाइप १ चा रुग्ण दिवसभर मनात हिशेब करत असतो. त्यातला काही भाग यंत्राने उचलला की चिडचिड कमी होते. घरात ‘किती आली?’ हा एकच प्रश्न सतत विचारला जात नाही.

तक्रारीही ठरलेल्या आहेत. गजर वारंवार वाजतात. चिकटपट्टीने त्वचेला खाज सुटते, घामाने ती निघते. यंत्रावर विश्वास बसायला काही आठवडे जातात. तोवर अनेक जण मध्येच हात घालतात, जादा इन्सुलिन देतात आणि साखर खाली आणतात. कमरेला सतत काहीतरी लटकलेले असणे किशोरवयात नकोसे वाटते. मुलीच्या घरी पुढे लग्नाची काळजी असते, म्हणून पंप लपवला जातो. काही जण थोड्या दिवसांत तो काढूनही ठेवतात.

आणखी एक सवय बदलावी लागते. साखर उतरली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, खाऊन पंधरा मिनिटे थांबायचे, हा सर्वसाधारण नियम. स्वयंचलित पंपाने मात्र इन्सुलिन आधीच रोखलेले असते. त्यामुळे बहुतेकदा निम्मी साखरही पुरते. जुन्या सवयीने मूठभर गूळ खाल्ला, तर तासाभरात साखर भलतीच चढते. आपल्याला किती पुरते, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

शिरूर-दौंडच्या जगण्यात ती कुठे बसते?

समजा, शिरूर तालुक्यातला टाइप १ असलेला एक तरुण शेतकरी आहे. थ्री-फेज वीज रात्री येते म्हणून तो मध्यरात्री उसाला दारे धरायला जातो. बिबट्याची भीती आहेच. चिखलात दोन तास चालल्यावर साखर उतरू लागते. हातपाय थरथरणे, घाम, गोंधळ ही लक्षणे अंधारात, थंडीत आणि एकट्याला ओळखता येतातच असे नाही. अशा वेळी आधीच इन्सुलिन थांबवणारा आणि कमरेवर थरथरून इशारा देणारा पंप खरोखर उपयोगी ठरतो. श्रमाच्या कामासाठी पंपात वेगळे, थोडे वरचे लक्ष्य ठेवता येते. ते काम सुरू करण्याच्या तास-दोन तास आधी लावायचे असते. खिशात साखर किंवा ग्लुकोज मात्र तरीही हवेच.

रांजणगावच्या कारखान्यांत पाळ्यांत काम करणाऱ्यांचे दुखणे वेगळे. या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. दिवसातून एकदा ठरावीक वेळी घ्यायच्या इन्सुलिनचा मेळ त्यात बसवणे जिकिरीचे होते. दर पाच मिनिटांनी मात्रा बदलणाऱ्या यंत्राला घड्याळ उलटे झाल्याचा त्रास त्या मानाने कमी होतो.

एप्रिल-मेचा उन्हाळा हा तिसरा प्रश्न. न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवावे, पण फ्रीझरमध्ये नाही. गोठलेले इन्सुलिन वाया जाते. फ्रीज नसेल तर मातीच्या माठाचा गारवा कामी येतो. पंपातील इन्सुलिन दोन-तीन दिवसांत बदलले जाते, त्यामुळे ते फार काळ उष्णतेत राहत नाही. तरी पंप भर उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून चालत नाही.

पंप बंद पडला तर?

तालुक्याच्या रुग्णासाठी हा सर्वात गंभीर प्रश्न आहे. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते. शरीरात लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा साठा नसतो. नळी दुमडली, कॅन्युला निघाली किंवा अडकली आणि ते लक्षात आले नाही, तर काही तासांत रक्तात किटोन वाढू लागतात. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास ही ‘किटोअ‍ॅसिडोसिस’ची लक्षणे. हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो. पोटदुखी-उलटी म्हणून अपचनाची गोळी घेऊन बसण्यात मोलाचा वेळ जातो.

म्हणून पंप वापरणाऱ्या घरात चार वस्तू कायम हव्यात : ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, किटोन तपासायच्या पट्ट्या, जलद व लांब पल्ल्याचे इन्सुलिन आणि ते टोचण्याचे साधन. साखर २५० च्या वर अडून बसली आणि पंपाने दिलेल्या इन्सुलिनने उतरत नसेल, तर पंपाच्या भरवशावर न थांबता किटोन तपासावे, पेन किंवा सिरिंजने इन्सुलिन घ्यावे आणि कॅन्युला बदलावी.

इथे एक सापळा आहे. भारतात इन्सुलिनच्या बऱ्याच कुप्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पंपात आणि पेनमध्ये वापरले जाणारे इन्सुलिन बहुधा १०० युनिटचे असते. त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. घाईत १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले, तर अडीचपट मात्रा शरीरात जाते. गावातल्या मेडिकल दुकानात जी सिरिंज मिळेल ती आणण्याऐवजी योग्य सिरिंज घरात आधीच असलेली बरी.

खर्चाचे काय?

गाडे इथे अडते. पंपाची किंमत लाखांत आहे आणि तो खर्च एकदाच होत नाही. नळी-कॅन्युलाचा संच दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा, सेन्सर एक-दोन आठवड्यांनी. पंप न घेता केवळ दोन आठवडे चालणारा सेन्सर लावला, तरी एकाची किंमत चार-पाच हजारांच्या घरात जाते आणि महिन्याला दोन लागतात. उसाचे बिल टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या आणि कांद्याच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घराला एकदाचे कर्ज कदाचित झेपेल, दरमहाचा हा हप्ता झेपणे कठीण. सामान संपले की लाखांचा पंप कपाटात जातो. म्हणून पंप घेण्यापूर्वी त्याच्या किमतीपेक्षा पुढच्या तीन-चार वर्षांच्या साहित्याचा हिशेब आधी मांडावा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. रोज घरी लागणारे साहित्य हा वेगळा खर्च. इतरत्र सरकारांनी तो अंगावर घेतल्याची उदाहरणे आहेत. केरळ सरकारच्या ‘मिठाई’ योजनेत टाइप १ असलेल्या मुलांना इन्सुलिनसह आधुनिक साधने आणि निवडक मुलांना पंप दिले जातात. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांत पात्र रुग्णांना ही प्रणाली सरकारी खर्चाने देण्याचे काम सुरू झाले आहे. तिथे किमतीबाबत उत्पादकांशी घासाघीस करूनच हे ठरले.

शिकवणार कोण?

पंप बसवला की काम संपत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्रांची मांडणी वारंवार तपासावी लागते. दौंड आणि शिरूर पुण्यापासून सत्तर किलोमीटरच्या आसपास आहेत. तपासणीला जायचे म्हणजे मुलाची शाळा आणि मोठ्यांची मजुरी बुडते. पुण्यात या विषयाचे जाणकार आहेत. जहांगीर रुग्णालयाशी संलग्न हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी टाइप १ असलेल्या मुलांच्या वाढीवर आणि हाडांवर बरेच संशोधन केले आहे. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे पुण्याभोवतालच्या गावांतील मधुमेहावरील काम जगभर ओळखले जाते. गरज आहे ती हे ज्ञान तालुक्यापर्यंत नेणाऱ्या दुव्याची.

शिरूर तालुक्याला हा विचार नवा नाही. वढू बुद्रुक येथे १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण देऊन घरोघरी सेवा नेण्याचा प्रयोग उभा केला. पंपाचा आलेख पुण्यातले डॉक्टर मोबाइलवर पाहू शकतात. कॅन्युला कशी बदलायची, किटोन कसे तपासायचे हे तालुक्याच्या रुग्णालयातील एका प्रशिक्षित परिचारिकेने समोर बसून दाखवले, तर पुण्याच्या बऱ्याच फेऱ्या वाचतील.

पंप परवडत नसेल तर?

तर उपचार कमी दर्जाचे, असे मानण्याचे कारण नाही. दिवसातून एक वेळ लांब पल्ल्याचे आणि प्रत्येक जेवणाआधी जलद इन्सुलिन, रोज चार-पाच वेळा तपासणी आणि कर्बोदकांचा हिशेब, एवढ्यावर अनेक रुग्ण साखर उत्तम ठेवतात. सतत सेन्सर परवडत नसेल तर महिना-दोन महिन्यांतून एकदा दोन आठवड्यांसाठी लावून, रात्री साखर केव्हा उतरते हे डॉक्टरांसोबत पाहता येते. त्यावरून मात्रा बदलली, तर रोजचा रात्रीचा गजर काही रात्रींपुरता उरू शकतो.

शाळेला मात्र सांगून ठेवावे. वर्गात साखर तपासणे, इन्सुलिन घेणे, मधल्या सुट्टीआधी खाणे ही या मुलांची गरज आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून टाइप १ असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षा केंद्रात खाण्याचे पदार्थ नेण्याची मुभा दिली आहे. वर्गशिक्षकांना आणि बाकावरच्या मित्राला तीन गोष्टी माहीत असाव्यात : मूल एकाएकी घामाघूम झाले किंवा बरळू लागले, तर आधी साखर द्यायची, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, आणि मग घरी नव्हे, थेट दवाखान्यात न्यायचे.